बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद करून फक्त नैसर्गिक उपचार चालतील का?

आज तरी नाही. गोळ्या कमी होऊ शकतात, काहींच्या सुटतातही, पण त्याला क्रम आहे. आधी साखर उतरते, ती उतरलेली साखरेच्या नोंदींच्या वहीत आठवडेच्या आठवडे दिसते, मग डॉक्टर गोळी कमी करतात. तुमच्या घरी गोळी आधी सोडून साखर उतरायची वाट बघायचा बेत चाललाय.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बाबांचं वय ५८, मधुमेह आठ वर्षांचा. मेटफॉर्मिन दोन वेळा, ग्लिमेपिराइड सकाळी एकदा. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.६. पोट सुटलंय, हातपाय मात्र काटकुळे. ओळखीच्या एका गृहस्थांनी तपकिरी चूर्णाची पुडी दिली आणि पंधरा दिवसांत गोळ्या फेकून द्याल असं सांगितलं. शिवाय रोज सकाळी दुधी-कारल्याचा रस. बाबांचं म्हणणं, केमिकल नको, किडनी जाते. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की तुम्हालाही हा आजार होईल का.

मी आयुर्वेदातल्या कायचिकित्सेची वैद्य आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहाच्या, बहुतेक रुग्णांच्या पिशवीत ॲलोपॅथीच्या गोळ्या असतात आणि त्या मी बंद करायला सांगेन अशी अपेक्षाही असते. मी सांगत नाही म्हणून काही जण परत येत नाहीत, त्याला माझा इलाज नाही.

पुडीपासून सुरू करू, कारण घाई तिथे आहे. पुडीवर कारखान्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटकद्रव्यं छापलेली आहेत का? नसतील तर ती आजच थांबवा. आवळा, हळद, जांभळाची बी, गुडमार यांपैकी कशानेही आठ-दहा दिवसांत साखर दीडशेने उतरत नाही. उतरली, तर चूर्णात कोणीतरी मधुमेहाचीच गोळी कुटून घातली असण्याचा संशय पहिला घ्यायचा. बेनामी 'हर्बल' चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी औषधं सापडलेली आहेत, सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडतं. बाबा वर ग्लिमेपिराइडही घेतायत, म्हणजे एकाच जातीच्या औषधाचा डोस दुप्पट, आणि तो किती हे कोणालाच माहीत नाही. रात्री साखर पन्नासवर गेली तर झोपेत कळणारही नाही. आणि 'मधुमेह मुळापासून बरा' अशी जाहिरात करणं आपल्याकडे १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे. चांगला वैद्य असं वाक्य फलकावर लिहीत नाही.

आमच्या शास्त्रातल्या औषधांबद्दलही हात राखून बोलायचं कारण नाही. वसंतकुसुमाकर रस हे प्रमेहातलं नावाजलेलं औषध आहे, त्यात सुवर्ण, रौप्य यांच्याबरोबर वंग आणि नाग, म्हणजे कथील आणि शिसं यांची भस्मंही असतात. ते काउंटरवरून विकत आणून वर्षभर घ्यायचं औषध नव्हे. बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा १४मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. किडनीचा आकडा (क्रिएटिनिन) आधीच वर असेल तर भस्मं आणि अनोळखी काढे दोन्ही बाजूला ठेवा. गुळवेलीचंही तसंच. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. वाद काहीही असो, महिनोन्‌महिने काढा पिणाऱ्याचे डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर काढा त्या दिवशी बंद आणि यकृताची तपासणी.

आता रस. दुधीचा रस करण्याआधी दुधीचा तुकडा कच्चा चाखायचा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा. कडू दुधीत जो विषारी अंश असतो त्याने रक्ताच्या उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली जातो, माणसं दगावलेली आहेत. बाबांच्या रसात कारलंही आहे, म्हणजे दुधी कडू आहे की नाही हे कधी कळणारच नाही. त्या दोघांची जोडी मोडा. कारलं आवडत असेल तर भाजी करून खा. भाजीत चोथा पोटात जातो, रसात तो गाळून फेकला जातो.

मग यातलं काही उपयोगी आहे का? आहे. मेथीदाण्यात विरघळणारा चोथा भरपूर असतो, तो पोटात बुळबुळीत होतो आणि जेवणातली साखर रक्तात जायचा वेग कमी करतो. रात्री चमचाभर भिजवून सकाळी चावून खाल्ले तर थोडा फरक पडतो, थोडाच. गुडमारचं ताजं पान मिळालं तर एकदा गंमत करून बघा. पान नीट चघळा, थुंका आणि चिमूटभर साखर जिभेवर ठेवा. वाळू खाल्ल्यासारखं लागेल. गोडाची चवच काही वेळ बंद होते. चहातली साखर सोडवायला मी हे काही जणांना मुद्दाम करायला लावते. पण जिभेला गोड लागलं नाही म्हणजे रक्तात साखर गेली नाही, असं नव्हे. दालचिनीबद्दल विचारणारेही खूप असतात. बाजारात मिळते ती बहुधा जाड सालीची, तिच्यात कुमारिन असतं, ते यकृताला चांगलं नाही. मसाल्यात चालेल, चमचे भरून पाण्यातून नको.

बाबांच्या 'केमिकल'विषयी. मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गलेगा नावाच्या एका जांभळ्या फुलांच्या झाडात आहे. मेथी ज्या शिंबी कुळातली, त्याच कुळातलं हे झाड. त्यातल्या द्रव्यावरून पुढे प्रयोगशाळेत औषध तयार झालं आणि १९५७मध्ये झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहात वापरल्याचं प्रसिद्ध केलं. मेटफॉर्मिनने किडनी जात नाही. किडनी जाते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. किडनी आधीच कमजोर असेल तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागतो किंवा ती थांबवावी लागते, त्यातून लोकांनी उलटा अर्थ काढला. तिचा खरा त्रास दुसरा आहे: बऱ्याच वर्षांनी बी १२ कमी होतं. बाबा शाकाहारी असतील आणि तळपायाला मुंग्या येत असतील तर बी १२ तपासून घ्या. सगळ्या मुंग्या मधुमेहाच्या नसतात.

आता ज्याने साखर खरोखर उतरते त्याकडे येते. तुम्ही लिहिलेलं 'पोट सुटलंय, हातपाय काटकुळे' हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांची ही ठेवण जगापुढे मांडली. २००४मध्ये त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून 'मी कुठे जाड आहे' हे आपल्याकडे चालत नाही. वजनकाट्यापेक्षा टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८०च्या आत.

पोटातली ही चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात साठते, तिथून साखरेचा गोंधळ सुरू होतो. ती उतरली की काय होतं हे ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात दिसलं. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्शुलिन न घेणारे लोक घेतले, तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवले. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. दोन वर्षांनी एकूण आकडा ३६वर आला, म्हणजे वजन परत आलं की आजारही परत येतो. या लोकांच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या हे खरं, पण ती ठरवून केलेली गोष्ट होती, खाणं त्याच दिवशी निम्म्याहून खाली आणलेलं, तपासणी चालू. घरी पुडीच्या भरवशावर गोळी सोडणं वेगळं. तुमच्या बाबांना आठ वर्षं झालीत, गोळ्या पूर्ण सुटतीलच असं मी सांगणार नाही. कंबर सात-आठ सेंटिमीटरने उतरली तर ग्लिमेपिराइड कमी व्हायला चांगला वाव आहे.

कंबर कशी उतरेल? रात्रीच्या ताटाकडे बघू. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर भात, पातळ वरण, पापड, लोणचं. हे 'साधं घरचं जेवण' आहे आणि त्यात पिष्टमय पदार्थ शंभर ग्रॅमच्या वर सहज जातात, प्रथिनं नावाला. पातळ वरणात डाळ किती असते ते ज्याने वाढलंय त्याला विचारा. हेच ताट असं करा: वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, दोडका, गवार, घेवडा, पालेभाजी असं काही भरपूर, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, एक भाकरी किंवा दीड पोळी, ताक. भात हवा असेल त्या दिवशी पोळी नको. अंडी-मासे चालत असतील तर उत्तमच, बांगडा-तारली स्वस्तही पडतात. पिठलं-भाकरीला मी कधीच नाही म्हणत नाही, बेसनात प्रथिनं आहेत, फक्त भाकरी एक.

खाण्याचा क्रम बदलला तरी फरक पडतो. कोशिंबीर आणि उसळ आधी संपवायची, पोळी-भात मागून. तेच अन्न, तेवढंच अन्न, पण दोन तासांनंतरचा आकडा कमी येतो. आपल्याकडे पहिला घास वरण-भाताचा घ्यायची सवय आहे, ती मोडायला आठवडाभर चिडचिड होते, मग अंगवळणी पडतं.

ज्वारीची भाकरी म्हणजे औषध असा एक समज आहे. मैद्यापेक्षा आणि पांढऱ्या भातापेक्षा ती बरी, पण तीन भाकऱ्या म्हणजे तीन भाकऱ्याच. चरकांनी प्रमेहात जव सांगितलेत, पेठेत मिळतात, निम्मे जव आणि निम्मी ज्वारी दळून बघा, भाकरी थोडी थापायला अवघड जाते. गूळ, मध, खजूर, 'शुगर फ्री' बिस्किटं यांना नैसर्गिक म्हणून सूट नाही. बिस्किटात साखर नसली तरी मैदा असतोच. हापूसच्या दिवसांत एक फोड जेवणानंतर नव्हे, दुपारी वेगळी खा. आमरसाची वाटी मात्र नको.

उपवासाचं जरा थांबून सांगते, कारण चतुर्थी-एकादशीनंतरच्या दिवशी बिघडलेली साखर घेऊन येणारे रुग्ण मला दर महिन्याला भेटतात. सकाळी ग्लिमेपिराइड घेतली आणि दुपारपर्यंत पोटात काही नाही, तेव्हा साखर खाली घसरते, घाम, थरथर. मग साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर केळं, आणि संध्याकाळी तीनशे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास करायचाच असेल तर त्या दिवशीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना आधी विचारा, आणि पानात भाजलेले दाणे, दही, काकडी, थोडी भगर ठेवा.

चालण्याबद्दल सुश्रुतांचा सल्ला मी रुग्णांना वाचून दाखवते. पैसा नाही, नातलग नाहीत अशा प्रमेह्याने छत्री आणि पादत्राणांशिवाय, एका गावी एकच रात्र मुक्काम करत, शंभर योजनं (योजन हे अंतराचं जुनं माप) चालावं, ते जमत नसेल तर विहीर खणावी. इतकं रोखठोक व्यायामाचं पत्रक आजच्या दवाखान्यातही लावलेलं नसतं. त्यातलं पादत्राणांशिवाय एवढं मात्र सोडून द्या. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, देवळाच्या तापलेल्या फरशीवर फोड येतो आणि कळत नाही. वारीला जाणार असतील तर नवे बूट घालून नाहीत, आधी महिनाभर वापरलेले, आणि रोज रात्री तळवे आरशात बघायचे.

रोजच्यासाठी मी सांगते ते असं: प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. सकाळी एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा जेवणानंतरच्या या दहा-दहा मिनिटांनी जेवणानंतरची साखर जास्त आटोक्यात राहते, न्यूझीलंडमध्ये हे मोजून पाहिलंय. गच्ची असो वा सोसायटीचा जिना, चालेल. त्याच्या जोडीला हातपाय काटकुळे आहेत म्हणून आठवड्यातून तीनदा स्नायूंचं काम हवं: खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं. साखर जाळणारा अवयव म्हणजे स्नायू, बाबांकडे तोच कमी आहे. योगासनं जरूर करा, त्याने साखर थोडी उतरते आणि झोप सुधारते. पण आधी डोळ्याचा पडदा तपासून घ्या. पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील तर शीर्षासन, जोराची कपालभाती, श्वास कोंडून वजन उचलणं यांनी आत रक्तस्राव होऊ शकतो.

झोप सहा तासांच्या खाली आणि हिरड्यांतून रक्त, या दोन गोष्टी कोणी विचारत नाही. दोन्हींनी साखर वर राहते. दंतवैद्याकडे एकदा जाऊन या.

आता वही. ग्लुकोमीटर घ्या, आठवड्यातून तीन दिवस सकाळी उपाशीपोटी आणि एका जेवणानंतर दोन तासांनी मोजा, शेजारी काय खाल्लं ते लिहा. एचबीएवनसी तीन महिन्यांनीच करा, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्याआधी केलेली तपासणी अर्धवट बोलते. रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल, विदर्भात आणि नंदुरबारकडे तो बऱ्याच जणांना असतो, तर हा आकडा फसवतो, तिथे बोटाच्या तपासणीवरच विसंबायचं.

ताट आणि चालणं बदललं की तीन-चार आठवड्यांत सकाळचे आकडे खाली सरकायला लागतात. उपाशीपोटीची साखर सलग शंभरच्या खाली यायला लागली, किंवा एकदाही सत्तरच्या खाली गेली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना वही दाखवा. बहुतेक वेळा ग्लिमेपिराइड आधी कमी होते, कारण साखर धोकादायक खाली नेणारी तीच, मेटफॉर्मिन शेवटपर्यंत राहते. सत्तरच्या खाली गेल्यावर घरी काय करायचं: तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, तरी वर आली नाही तर पुन्हा तेवढीच. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ रुग्णालय.

हे सगळं प्रौढ वयातल्या, टाइप दोनच्या मधुमेहाबद्दल आहे. टाइप एकच्या मुलाचं इन्शुलिन कोणाच्याही सांगण्यावरून एक दिवससुद्धा बंद करायचं नाही, मुलं त्याने दगावतात. गरोदरपणातला मधुमेहही घरच्या प्रयोगांचा विषय नाही. आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर काढणारी गोळी चालू असेल तर लांबलचक उपास किंवा पोळी-भात एकदम बंद हे करू नका, साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं.

राहिला तुमचा प्रश्न. तुमचा धोका जास्त आहे, पण नशिबावर सोडण्याइतका नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या सीमारेषेवरच्या भारतीयांवर तीन वर्षं केलेला अभ्यास २००६मध्ये आला. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, आहार-व्यायाम बदलणाऱ्यांत ३९.३ टक्के, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ४०.५ टक्के. दोन्ही एकत्र केल्याने जास्तीचा फायदा झाला नाही. म्हणजे त्या टप्प्यावर चालणं आणि गोळी जवळजवळ तोडीस तोड आहेत. या महिन्यात उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी करून घ्या, कंबर मोजा, आणि बाबांच्या पुढच्या भेटीला स्वतः बरोबर जा. वही न्या आणि ती पुडीही न्या. डॉक्टर रागावतील म्हणून ती लपवू नका. बाबांच्या पोटात काय काय जातंय हे त्यांना माहीत नसेल तर ते डोस ठरवणार कशाच्या आधारावर?